मंदीला आल्याची बिस्किटं आवडतात

सोमवारी दुकान उघडून अर्धा तास झाला नसेल, तोच निवृत्त गणिताचे मास्तर नंबर तपासायला आले. माझं चष्म्याचं दुकान आहे. मास्तरांना खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची जड चौकट चढवली आणि मी एकेक काच बदलत नेहमीचं विचारू लागले, "ही बरी की मघाची?"

"मघाची," मास्तर म्हणाले. "आणि काय हो, मंदीचा पाय कसा आहे?"

माझा नवरा शेअर बाजारावर लिहितो. त्यामुळे लोक मला बाजाराबद्दल काहीही विचारतात, आणि मीही काहीही उत्तर देते. "मंदीचा पाय घरात न पडलेलाच बरा," मी म्हटलं. "आली की लवकर जात नाही."

मास्तरांनी चौकटीतून माझ्याकडे असं पाहिलं, जणू समोरच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं माझ्या तोंडावर उमटली असावीत.

"असं बोलवतं कसं तुम्हाला? मुकं जनावर ते! मागचा डावा पाय मुरगळलाय बिचारीचा, आणि तुम्ही जायच्या गोष्टी करता!"

मी हातातली काच खाली ठेवली. घरात माझ्याशिवाय नवरा, सासूबाई आणि एक मनीप्लँट आहे. मनीप्लँटला मागचा पाय नाही. तरी मी सावरून घेतलं, "आता बरा आहे, मास्तर. उड्या मारतेय," म्हटलं आणि त्यांना नंबर लिहून दिला. तो नंबर मी दोनदा तपासला, कारण माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

नवऱ्याच्या लिखाणाचं आधी सांगायला हवं. बावीस वर्षं तो एका दलालाच्या कचेरीत बाजाराचे अंदाज लिहीत असे. ती नोकरी सोडल्यावर त्यानं स्वतःचं साप्ताहिक पत्र सुरू केलं. दर शनिवारी सकाळी सात वाजता ते काही हजार लोकांच्या मेलमध्ये जाऊन पडतं. त्यात तीन भाग असतात: यंत्र, बाजार आणि घर. नवीन तंत्रज्ञान काय आलं, बाजार कुठे चाललाय, आणि शेवटी घरातलं दोन-चार ओळींचं काहीतरी, तोंडी लावायला.

पुढे त्याला एक सोय मिळाली. कोणता वाचक कुठपर्यंत वाचून थांबला, हे दाखवणारी. तेव्हापासून आमच्या घराची शांती गेली. कारण 'यंत्र' भागावरून लोक टोलनाक्यावरून जावं तसे जात होते, 'बाजारा'त जरा रेंगाळत होते, आणि 'घर' मात्र दोन-दोनदा वाचत होते. बावीस वर्षांच्या अनुभवापेक्षा आमच्या नळाची गळती लोकांना जास्त आवडते, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. पण तो बाजारातला माणूस. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. त्यानं 'घर' वाढवलं.

आधी माझ्या घोरण्यावर दीड पान आलं. मग सासूबाईंवर: "आईला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसरा ती सोयीनं वापरते." त्या आठवड्यात घरात दोन फतवे निघाले. मी म्हटलं, "माझी झोप, माझा आवाज, माझं दुकान, माझं माहेर, यातलं एक अक्षर जरी छापलंस तरी खबरदार." सासूबाई म्हणाल्या, "माझ्याबद्दल मी गेल्यावर लिही. आणि तेव्हाही चांगलंच लिही." मी तर त्या पत्राच्या यादीतून माझं नावच काढून टाकलं. सहा दिवस त्याचं ऐकतेच, सातव्या दिवशी वाचायचं कशाला?

नवऱ्यानं मान डोलावली. इतक्या लगेच डोलावली, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मास्तर गेल्यावर मी दुकानातल्या संगणकावर त्याच्या संकेतस्थळावरची जुनी पत्रं उघडली. सात महिन्यांपूर्वीच्या पत्रात ती पहिल्यांदा भेटली. "आमच्या घरी एक कुत्री आली आहे. बाजार पडला त्या दिवशी आली म्हणून नाव मंदी ठेवलं. मंदी आली म्हणून आनंदी झालेलं हे जगातलं एकमेव घर असावं."

मला हसू आलं. कबूल करते, की मला कौतुकही वाटलं. बायको नाही, आई नाही, तर यानं कुत्रीच पैदा केली! पुढचं वाचत गेले.

"मंदी सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणाची नाही. त्या वेळात तिच्या वाटेत जाऊ नये."

"मंदीच्या जागेवर कुणी बसलं तर ती गुरगुरत नाही. समोर उभी राहून नुसती बघते. दोन मिनिटांत माणूस उठतो."

"पाहुणे येणार म्हटलं की मंदीचं तोंड एवढंसं होतं, आणि पाहुणे आले की सगळ्यात जास्त तीच नाचते."

इथे माझं हसू जरा मंदावलं. मग गेल्या महिन्यातलं पत्र आलं. मंदीचा पाय पायरीवरून उतरताना मुरगळला होता. बर्फ लावू देईना, आणि वर 'मला काही झालेलं नाही' असा चेहरा करून घरभर लंगडत होती. गेल्या महिन्यात दुकानाच्या पायरीवरून माझा पाय मुरगळला होता. डावाच. तो मागचा आहे, हे मात्र मला त्या सोमवारी कळलं.

तरी मी स्वतःला समजावलं. योगायोग असेल. पाय काय, कुणाचाही मुरगळतो. आणि तेव्हा तो मजकूर आला.

"मंदीला एकाच कंपनीची आल्याची बिस्किटं लागतात. ती आधी कडेकडेनं गोल कुरतडते, मधला भाग शेवटी ठेवते, आणि तो खाताना डोळे मिटते. तिची निष्ठा पाहून मी त्या कंपनीचा ताळेबंद चाळला. बरा आहे."

मी टेबलाचा खण उघडला. आत आल्याच्या बिस्किटांचा पुडा होता, फोडलेला. वरच्याच बिस्किटाच्या कडा गोल कुरतडलेल्या होत्या. मास्तर आल्यामुळे मधला भाग राहिला होता.

तो मी खाल्ला. डोळे उघडे ठेवून.

संध्याकाळी घरी जाताना मी भांडणाची सगळी वाक्यं तयार केली होती. चांगली धारदार होती. पण दारातून आत गेले तर तो चार्जिंगच्या वायरींचा गुंता सोडवत जमिनीवर बसला होता आणि म्हणाला, "आलीस? पाय दुखत नाही ना?" माझी वाक्यं तिथेच अडकली. त्या पत्रांतलं एक वाक्य मला दिवसभर टोचत होतं: "मंदी घरात नसली की घराला आवाजच नसतो. बाजार बंद असल्यासारखं वाटतं." घरातली कुत्री दिवसभर घरात नसते, हे कोणत्याच वाचकाला खटकलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, की भांडायचं नाही. छळायचं.

मंगळवारी सकाळी तो माझ्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. त्यानं पान उलटलं, चष्मा वर सरकवला, घसा खाकरला आणि उठला.

"बस की," तो म्हणाला.

मी बसले. दुपारी त्याला फोन करून विचारलं, "संध्याकाळी मला फिरवून आणशील का?" संध्याकाळी त्याच्या दोन्ही चपला उचलून त्याच्या पायाशी आणून ठेवल्या आणि म्हटलं, "बघून घे. चावलेल्या नाहीत."

त्याचा रंग उडाला. पण बाजारातला माणूस. पडत्या भावात गप्प बसायचं असतं, हे त्याला ठाऊक.

सासूबाईंना मी स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"मंदीचं? दर शनिवारी वाचते की भिंग लावून," त्या बटाटा सोलत म्हणाल्या. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. मी मनात म्हटलं, काय समजूतदार सून मिळाली! मी असते तर खरोखरच चावले असते."

बुधवारी गोष्ट आमच्या हातातून निसटली. सासूबाईंच्या कानात नवीन यंत्र आलं आहे. ते फोनला जोडता येतं; मग फोन कानातच ऐकू येतो आणि तिथूनच बोलताही येतं. नवऱ्यानंच जोडून दिलं होतं, पण तंत्रज्ञानावर दर आठवड्याला लिहिणाऱ्या माणसानं ते चुकून स्वतःच्या फोनला जोडलं. सकाळी नाश्त्याला आम्ही तिघं बसलो होतो. त्याचा फोन वाजला, तो उचलून खिडकीशी गेला आणि "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही," असं ओरडू लागला. इकडे सासूबाई ब्रेडला लोणी लावता लावता गोड आवाजात बोलू लागल्या.

"हो, हो. त्याची आई बोलतेय. अगदी मजेत आहे ती. उद्या? अकरा वाजता? या ना. फोटो काढा, काय हवं ते काढा."

नवरा खिडकीशी हळूहळू वळला.

"आई, कोण होतं?"

"बिस्किटवाली बाई. त्यांना म्हणे तुझ्या वाचकांनी पत्रांवर पत्रं लिहिली. आता कुत्र्यांसाठी बिस्किटं काढतायत. पाकिटावर मंदीचा फोटो हवाय. उद्या येतायत. मी हो म्हटलंय."

"हो म्हटलंस?"

"मग काय नाही म्हणू? मी खोटं बोलत नाही. ती मजेतच आहे," आणि त्यांनी माझ्याकडे बघून ब्रेडचा तुकडा मोडला.

मी कपाळाला आठी घालून विचारलं, "कोण मंदी?"

पुढची पाच मिनिटं मी कधीही विसरणार नाही. तो खुर्चीच्या टोकावर बसला. सांगू लागला, की लोकांना घरातलं वाचायला हवं असतं, आणि घरातलं लिहायला तर बंदी, म्हणून त्यानं एक कुत्री, म्हणजे तशी खरी नाही, म्हणजे पत्रापुरती.

"पत्रात कुत्री पाळलीस? सात महिने?"

"सात महिने हे तुला कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हटलं. "कशी आहे स्वभावानं?"

"चांगली आहे," तो चटकन म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "जरा तापट. पण मनानं फार चांगली."

"बांधून ठेवावी लागत नाही ना?"

"नाही गं! तीच आम्हाला..." इथे तो थबकला. सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हसू दाबताना त्यांना ते जड होत असावं.

त्यानं त्या बाईंना फोन करून खरं सांगतो म्हटलं. सासूबाई ऐकेनात. "मी शब्द दिलाय. या वयात मला खोटं पाडू नकोस." तो कुत्रा शोधायला निघाला, तसं मीच म्हटलं, "तू राहू दे. कुत्रा मी आणते." त्यानं माझ्याकडे असं कृतज्ञतेनं पाहिलं, की मला क्षणभर लाज वाटली. फार नाही, क्षणभरच.

माझ्या दुकानासमोर शिंपीकाकांचं दुकान आहे. त्यांच्याकडे फौजदार नावाचा कुत्रा आहे. बुटका, फेंगड्या पायांचा, एक कान कायम उभा आणि एक कायम पडलेला. तो मापं घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या पायाचा वास घेतो आणि मोजे पसंत पडले तर ओढतो. शिंपीकाकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "न्या की. पण तो कुणाचं ऐकत नाही. माझंही नाही."

"तेच हवंय," मी म्हटलं.

गुरुवारी अकराला बिस्किटवाल्या बाई आल्या. सोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस आणि बिस्किटांचं मोठं खोकं. बाई तिशीतल्या, उत्साही, आणि सगळी पत्रं वाचून आलेल्या. आत येताच म्हणाल्या, "ही मंदीची खुर्ची ना? ही ती खिडकी ना?" माझ्याच घराची ओळख मला करून देत होत्या.

फौजदार सोफ्याखाली होता. नवऱ्यानं लाडिक आवाजात हाक मारली, "मंदी! ये बाळा!" सोफ्याखालून काही हललं नाही. पण माझी मान त्याच्याकडे वळली. सात महिन्यांच्या वाचनाचा परिणाम, दुसरं काय!

शेवटी नवऱ्यानं जमिनीवर पालथं पडून फौजदाराला बाहेर ओढलं. फौजदार आला तो त्याचा मोजा तोंडात धरूनच. ओढाताणीत दोघंही कोलमडले आणि फौजदार चारी पाय वर करून उताणा पडला. कॅमेरावाला फोटो घेता घेता थांबला. त्यानं कॅमेरा खाली केला, वाकून नीट पाहिलं, आणि बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं.

"अहो," बाई अवघडून म्हणाल्या, "पण हा तर... म्हणजे ही तर 'तो' आहे."

नवऱ्यानं फौजदाराला घाईनं पालथं केलं. आदल्या दिवसापासून त्याच्या मनात हा मुद्दाच आला नव्हता. माझ्या आला होता.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाजार आहे बाई. आम्ही मंदी म्हणून घरात आणली, आतून तेजीचा बैल निघाला."

बाई हसल्या, पण त्यांच्या कपाळावरची रेघ काही गेली नाही. म्हणाल्या, "हरकत नाही. पाकिटावर चेहराच लागतो. तेवढं बिस्कीट खाताना मिळालं तर बरं. ते कडेकडेनं कुरतडणं मला फार आवडलं होतं." त्यांनी फौजदारापुढे एक आल्याचं बिस्कीट धरलं. फौजदारानं वास घेतला, शिंकला आणि पुन्हा मोज्याकडे वळला. दुसरं धरलं. तेही नको. तिसरं त्यानं तोंडात घेतलं, विचार केला आणि नवऱ्याच्या तळहातावर परत ठेवलं.

या सगळ्यात पाऊण तास गेला. बाईंनी खोकं टेबलावर उघडंच ठेवलं होतं. मी चहा आणला, सगळ्यांना दिला, आणि माझा कप घेऊन खुर्चीत टेकले. समोर माझी आवडती बिस्किटं. हात कधी गेला, मला कळलंही नाही. माझं सगळं लक्ष नवऱ्याकडे होतं. तो गुडघ्यांवर रांगत "खा रे, खा गं," असं दोन्ही लिंगांत विनवत होता.

मग खोली एकदम शांत झाली. मी डोळे उघडले. म्हणजे मी ते मिटले होते.

बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातातल्या बिस्किटाच्या उरलेल्या मधल्या भागाकडे. मग मी बसले होते त्या खुर्चीकडे. मग माझ्या डाव्या पायाकडे, ज्याला अजून पट्टी होती. त्यांच्या चेहऱ्यावर सात महिन्यांची पत्रं एकामागून एक उलटत गेलेली मला स्पष्ट दिसली. माझा धंदाच तो. माणसाला कधी नीट दिसायला लागलं, हे मला लगेच कळतं.

"अय्या," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे, तुम्ही...?"

"हो," मी म्हटलं. "बसा. चावत नाही."

नवरा गुडघ्यांवरच होता. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान. "तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"सोमवारपासून."

"मंगळवारच्या त्या चपला..."

"पत्र नीट लिहिलं असतंस, तर तेही त्यात आलं असतं. मंदी चपला आणते, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला स्वतःच्या मनानं घालावं लागलं."

कॅमेरावाला आधी हसला. मग बाई, मग सासूबाई, आणि शेवटी जमिनीवर बसूनच नवराही. फौजदारानं या गडबडीत दुसरा मोजा काढून घेतला.

बाई हुशार निघाल्या. निघण्याआधी त्यांनी मला विचारलं, की माणसांच्या बिस्किटांच्या पाकिटावर माझा फोटो चालेल का? मी म्हटलं, "त्यापेक्षा याचा लावा," आणि फौजदाराकडे बोट दाखवलं. पुढे त्यांनी खरंच लावला. बिस्किटाशिवाय, मोज्यासकट. खाली छापलंय, "सगळ्यांनाच आवडेल असं नाही, पण बघा." शिंपीकाकांनी ते पाकीट काचेत मढवून दुकानात लावलं आहे. तेव्हापासून त्यांच्याकडे विजारी आठवडा-आठवडा पडून असतात, कारण आल्या-गेल्याला पाकिटाची गोष्ट सांगण्यात त्यांचा दिवस जातो.

त्या शुक्रवारी नवरा लिहायला बसला आणि बसूनच राहिला. 'यंत्र' झालं, 'बाजार' झाला, 'घर' रिकामं. संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती: "वाचकांची क्षमा मागतो."

"हे कुणी वाचणार नाही," मी म्हटलं. "तुझी ती सोयच सांगेल. सरक तिकडे."

"तू लिहिणार?"

"मंदी लिहिणार. सात महिने तिच्याबद्दल ऐकलं लोकांनी, आता तिचंही ऐकू दे."

तो उठला. मी त्याच्या खुर्चीत बसून लिहिलं. माझा मालक पाच यंत्रं चार्जिंगला लावतो आणि सहावं शोधत फिरतो. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, तोही चष्मेवालीच्या घरात. बाजार वर गेला की शिट्टी वाजवतो, खाली गेला की भांडी घासतो, म्हणून खाली गेलेला मला बरा वाटतो. आणि मी दोन पायांची आहे, पुढचे-मागचे असं काही नाही, एवढंही लिहिलं. तो मागे उभा राहून वाचत होता. भांड्यांच्या वाक्याला म्हणाला, "हे काढ ना." मी मागे न बघता नुसती थांबले. दोन मिनिटांत म्हणाला, "बरं, राहू दे."

शनिवारी सातला पत्र गेलं. नऊपर्यंत बरेच लोक यादीतून गेले. एकानं लिहिलं, कुत्रीच्या भरवशावर मी त्या कंपनीचे शेअर घेतले होते, आता कुणाच्या भरवशावर ठेवू? नवऱ्यानं त्याला स्वतः फोन केला आणि अर्धा तास समजूत घातली. पण दुपारपर्यंत उत्तरं येत राहिली. कितीतरी जणांना आधीपासून कळलं होतं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "तिसऱ्या पत्रातच ओळखलं. माझ्याकडेही एक आहे. तिचं नाव मी कुणाला सांगत नाही." एका बाईंनी एवढंच लिहिलं होतं, "माझ्याकडे बोका आहे. निवृत्त झालाय. दिवसभर घरात असतो. काही उपाय?"

त्या बाईंना उत्तर कुणी द्यायचं, यावरून आमचं भांडण झालं. नवरा म्हणाला, पत्र माझं आहे. मी म्हटलं, प्रश्न मला आहे. शेवटी सासूबाईंनी फोन हातात घेतला, भिंग लावलं आणि एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. काय लिहिलं, ते आम्हा दोघांनाही दाखवलं नाही. पाच मिनिटांनी उत्तराचं उत्तर आलं, ते वाचून त्या खुदकन हसल्या, आणि फोन घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

"आई, काय म्हणाल्या त्या?" मी दारातून विचारलं.

"आता तो कान बंद आहे," त्या आतून म्हणाल्या.